अर्धवट फियाटची विक्री : पूर्वतयारी, किंमत आणि ताबा

अर्धवट दुरुस्त झालेली जुनी मोटार कायद्याच्या लेखी वाहन असते, गॅरेजवाल्याच्या लेखी अडगळ आणि मालकाच्या लेखी येत्या दसऱ्याला रस्त्यावर येणारी गाडी. विक्रीची सुरुवात यातली तिसरी समजूत काढून टाकण्यापासून होते. हे काम मालकाला सहसा एकट्याने जमत नाही. घरच्या मंडळींची मदत घ्यावी, ती बरीच वर्षे तयारीतच असतात.

सातारा-सांगली पट्ट्यात अशी मोटार बहुतेकदा प्रीमियर पद्मिनी निघते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले, तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. १०८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन, स्टेअरिंगलगत गिअरचा दांडा वगैरे माहिती विक्रेत्याने पाठ करण्याची गरज नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती येत असते आणि विक्रेत्याला ऐकवल्याखेरीज ते बॉनेटला हात लावत नाही.

पहिले काम मोजदादीचे. अर्धवट मोटार कधीच एका जागी नसते. सांगाडा घरामागच्या शेडमध्ये, सीटा कुशनवाल्याकडे, काचा पोटमाळ्यावर आणि डिक्कीचे झाकण शेजारच्या खुराड्यावर, असा तिचा विस्तार असतो. ब्लॉक बोअर करायला मिरजेच्या ज्या मिस्त्रीकडे दिला, त्याने मध्यंतरी धंदा बदललेला असतो. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत सापडतात. डबे मात्र कोणत्या भागाचे हे लिहायचे राहिलेले असते. ही शोधाशोध पूर्ण होण्याची वाट न पाहता ‘सगळं सामान आहे’ असे जाहीर करण्याचा प्रघात आहे. गाडीच्या बाजारात या वाक्याचा अर्थ ‘टाकून काही दिलेलं नाही’ एवढाच घेतला जातो, म्हणून त्याला खोटे म्हणता येत नाही.

यानंतर पत्रा. येथे भूगोल उपयोगी पडतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, नंबरप्लेटवर एम.एच. ११ मात्र दोन्हीकडे सारखेच. त्यामुळे विकायला निघालेली प्रत्येक फियाट दहिवडीला मामाच्या कोरड्या वाड्यात उभी होती, असे आढळते. सांगलीकडे, एम.एच. १० मध्ये, प्रश्न थेट असतो : ‘दादा, पाण्यात होती का?’ २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सर्वांना पाठ आहेत. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. अशा गाडीच्या बाबतीत गप्पा मारून उपयोग नाही. डॅशबोर्डमागे आणि दारांच्या पोकळीत बसलेला गाळ तपासणाऱ्याच्या बोटाला लागतोच. गाळाआधीही धोका असतो : जाणते गिऱ्हाईक खिशात जुन्या स्पीकरचे चुंबक घेऊन येते. लांबी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. मडगार्डवर ते सरकून खाली पडले, की विक्रेत्याने चहा सांगावा.

किंमत ठरवणे सोपे आहे, फक्त सहन होत नाही. आजवर झालेल्या खर्चाची बेरीज ही मालकाची खासगी बाब आहे. ती वही गिऱ्हाइकाला दाखवली तर ते सहानुभूती देते आणि पैसे तेवढेच देते. भंगाराचा भाव हा तळ. त्याच्यावर जे मिळेल ते कागदपत्रांचे मिळते.

कागदपत्रांचे प्रकरण म्हणूनच सावकाश वाचावे. आर.सी. बुक आजोबांच्या नावावर असणे ही सर्वसाधारण स्थिती. आजोबा वारलेले असतील तर वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो आणि बाकीच्या वारसांची संमतीही. तीस वर्षे त्या गाडीकडे ढुंकूनही न पाहिलेल्या तासगावच्या आत्याला याच सुमारास तिच्याविषयी माया वाटू लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे शुल्क २०२२ साली ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले होते, आणि नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला हजर करावी लागते. चार पोत्यांतली गाडी हजर कशी करावी, याबाबत नियम मौन पाळतात. ‘व्हिंटेज’ म्हणून जादा भाव मागण्याचा मोह इथे होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. मधल्या काळात पेट्रोल महागले म्हणून डिझेल इंजिन बसवले असेल, तर तो विषय न काढलेला बरा.

गिऱ्हाइकांचे प्रकार अनेक. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी घोळक्याने येतात, मोजमापे घेतात, फोटो काढतात आणि कार्बोरेटर प्रकल्पासाठी ‘दोन दिवस’ मागतात. देऊ नये. खरे गिऱ्हाईक विटा-आटपाडीकडचे : सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेले आणि गावच्या यात्रेला आलेले. लहानपणी गावच्या डॉक्टरांच्या फियाटमागे धावल्याची त्यांना आठवण असते, हाती यात्रेपुरताच वेळ असतो आणि चुंबक नसते. विसार त्याच दिवशी घ्यावा.

ताब्याच्या दिवशी सांगाडा टेम्पोत चढवताना मालकाने घरात थांबावे. ‘हे मीच पुरं केलं असतं’ हे वाक्य सौदा मोडू शकते. पोती, डबे आणि खुराड्यावरचे झाकण त्याच फेरीत जावे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याखेरीज टेम्पो हलू देऊ नये, आणि विक्रीची खबर आर.टी.ओ.ला चौदा दिवसांत द्यावी. पुढल्या दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावर डायनॅमो सापडेल, तो एस.टी.च्या पार्सलने विट्याला पाठवावा. पार्सलचे भाडे घेणाऱ्याकडे.