दिवा विझवण्याचे शास्त्र

डॅशबोर्डवर पिवळा इंजिन-दिवा लागला की आपल्या गॅरेजविद्येची थोरवी कळते. स्कॅनर लावतात, कोड येतो पी०१३५. म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. आता सर्किट म्हटले की फ्यूज, वायरी, कनेक्टर सगळेच आले. पण एवढे वाचत बसायला वेळ कोणाला? ‘सेन्सर’ दिसला, सेन्सर बदलला. इतके निर्मळ निदान धन्वंतरीलाही सुचले नसते.

हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड काम करत नाही, म्हणून थंड इंजिनात त्याला ऊब द्यायला हीटर. कनेक्टर काढून मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा, मोजके काही ओहम दाखवले तर तो ठणठणीत. मग इंजिन चालू करून वायरीत बॅटरीचे व्होल्टेज येतेय का पाहावे, असे काही पुस्तकी मंडळी म्हणतात. चहा निवायच्या आत संपणाऱ्या कामाला कारागिरी म्हणायचे तरी कसे?

नवा सेन्सर बसला. दिवा पुन्हा लागला. तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणकच, बदलायचा ठराव झाला. त्यानेही भागले नाही तर इंजिन, मग गाडी, आणि शेवटी मालक. मालक बदलणे त्यातल्या त्यात सोयीचे, त्याची वॉरंटी कुणी मागत नाही.

सुदैवाने तितकी वेळ आली नाही. एका अनुभवी मेस्त्रींनी दिव्यावर काळी टेप चिकटवली आणि बिघाड मुळापासून गेला. पीयूसीही मिळाली.

हीटरचा उडालेला फ्यूज अजून तिथेच आहे.