मायनस काका

पार्किंगमध्ये कुणाची गाडी 'कट् कट्' करून गप्प बसली, की तिसऱ्या मजल्यावरचं दार आपोआप उघडतं. हातात दहाचा पाना, काखेत मल्टिमीटर, आणि मायनस काका लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागतात. कुठल्याही गाडीपाशी त्यांचं पहिलं वाक्य 'आधी मायनस काढा' हेच असतं, म्हणून हे नाव पडलं. मुद्दा खराच आहे. प्लसचा नट आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. पण काका हे लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

काका बँकेतून निवृत्त झाले. मोटारीशी त्यांचा संबंध कर्ज मंजूर करण्यापुरताच होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, सोसायटीतल्या गाड्या जागच्या जागी धूळ खात राहिल्या, एकेकीची बॅटरी उतरली आणि काकांना निवृत्तीचं प्रयोजन सापडलं. त्यांच्या लेखी हा मोटारीचा विषयच नाही, हिशेबाचा आहे. गणपतीच्या जमाखर्चातला पन्नास फुटी एक्स्टेंशन बोर्ड वहीत आहे आणि कपाटात नाही, यावरून वर्षभर झोप न लागलेला हा माणूस.

परवा बी विंगमधल्या आयटीवाल्याची गाडी सोमवारी सकाळी सेल्फच मारेना. दुकानातला पोरगा म्हणाला, "साहेब, बॅटरी बदलून टाका." काका कडाडले, "खात्यातून पैसे कोण काढतंय ते न बघता नवीन खातं उघडायचं?"

गाडी सुरू करायची सोपी वाट होती. शेजारच्या गाडीला केबल लावायची की झालं. पण तो विषय कुणी काढलाच नाही, आणि काकांसमोर तो काढवतही नाही. त्यांनी घरून चार्ज केलेली बॅटरी आणून बसवली, मायनसची केबल काढली, केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडला आणि फर्मान सोडलं, "आता गाडीला झोपू द्या."

नव्या गाडीतले कॉम्प्युटर चावी काढली तरी लगेच शांत होत नाहीत. काही वीस मिनिटं, काही अर्धा तासही जागे राहतात. तोवर दार उघडायचं नाही, रिमोट दाबायचा नाही. दाराच्या लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरनं आधीच मिटवून ठेवायची, म्हणजे उघडं दारही गाडीला बंद वाटतं. वॉचमनसुद्धा कुजबुजत बोलू लागला. आकडा स्थिरावणार एवढ्यात आयटीवाल्याच्या खिशातला रिमोट दबला, चारी दिवे लुकलुकले. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मीटिंग सोडून गॅलरीत जाऊन बसला.

अखेर मीटर 430 मिलिअँपिअरवर थांबला. पन्नासच्या आत असेल तर काका माफ करतात, घड्याळ नि सेंट्रल लॉक तेवढं खाणारच. "पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ साठ तास. सव्वीस गेले!" हा आकडा त्यांनी अफरातफर उघडकीस आणल्याच्या सुरात सांगितला.

मग एकेक फ्यूज उपटणं सुरू. फ्यूजबॉक्सच्या झाकणातला प्लॅस्टिकचा चिमटा नेहमीप्रमाणे गायब. काका डॅशबोर्डखाली डोकं घालून उलटे, पाय बाहेर. दहा अँपिअरचा एक लाल फ्यूज हलायला तयार नाही. आत हिरवट गंज, वर पकडायला नखाएवढी जागा. आयटीवाल्याच्या बायकोनं मदतीला भुवयांचा प्लकर पुढे केला. "लोखंड? चालू सर्किटात?" काकांनी पुन्हा मायनस काढला, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्यापासून झोपवणं आलं. नोज प्लायरनं फ्यूज लांबीच्या दिशेनं अगदी हलकं हलवत, सरळ बाहेर. पिळला की टोपी हातात येते आणि दोन्ही पाती आतच राहतात. मोटार दुरुस्तीतला एवढा संयम मी अधिकृत सर्व्हिस सेंटरात पाहिलेला नाही.

फ्यूज निघाला, मायनस जोडला, वाट पाहिली. मीटर तीसवर. आतल्या दिव्यांचा फ्यूज. "पाच वॅटचा एक दिवा, बारा व्होल्ट, म्हणजे चारशेच्या आसपास. डिकीचा दिवा!" पण पुरावा हवा. झाकण लावल्यावर दिवा विझतो की नाही, हे बघणार कसं? काकांनी फ्यूज परत बसवला, आयटीवाल्याचा मोबाइल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, आतल्या आत वाजत राहिला. काकांनी उचलू दिला नाही.

दुसऱ्या खेपेला व्हिडिओ नीट निघाला. सगळे वाकून बघत होते. झाकण बंद, तरी दिवा लख्ख, आणि त्याच्या उजेडात पाण्याच्या बाटल्यांमागे गुंडाळून ठेवलेला, 'गणेशोत्सव समिती' असं लिहिलेला पन्नास फुटी एक्स्टेंशन बोर्ड.

"काका, दिवाच आहे बघा," आयटीवाला घाईनं म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात."

काका काही बोलले नाहीत. लाल फ्यूज उपटून त्यांनी खिशात टाकला आणि समितीचं रजिस्टर आणायला जिन्यानं वर गेले.