श्री. अमर्याद बुफे यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. अमर्याद बुफे यांस,
मुक्काम : तरंगता कॅसिनो, मांडवी नदी, पणजी



पत्रास कारण की, आपली कीर्ती नागपुरापर्यंत पोचली असून ती आता इथल्या तर्रीच्या वासाशी स्पर्धा करू लागली आहे. गोव्याहून परतलेल्या नागपूरकराला काय पाहिले असे विचारले, तर समुद्र आणि चर्च तो दोन वाक्यांत आटोपतो. काय खाल्ले असे विचारले की मात्र खुलतो. ‘तिकिटातच जेवण होतं ना बाप्पा, पाहिजे तेवढं!’ हे तो ज्या अभिमानाने सांगतो, त्या अभिमानाने पूर्वी लोक काशीयात्रेचे वर्णन करीत. आपल्या भेटीची सोय सरकारनेही मनावर घेतलेली दिसते. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग मूळ आखणीनुसार ८०२ किलोमीटरचा. तो विनोबांच्या पवनारहून, म्हणजे दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातून, निघणार आणि पत्रादेवीला गोव्याच्या वेशीवर टेकणार. हा रस्ता देवदर्शनासाठी आहे असे सरकार म्हणते, जमिनी जाणार म्हणून शेतकरी विरोधात उभे आहेत, आणि एवढ्या वादात आपले नाव कोणी घेत नाही. हा आपल्यावर अन्यायच झाला. तो थोडा दूर करावा म्हणून हा पत्रप्रपंच.

आपले घराणे मोठे आहे, हे आधीच मान्य करतो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. लास वेगासच्या हमरस्त्यावर १९४१ साली एल रांचो वेगास उघडले आणि त्याच दशकात तिथे आपले मूळपुरुष अवतरले : एक डॉलर द्या, हवे तेवढे खा. हेतू अन्नदानाचा नव्हता. रात्र चढली की भुकेला जुगारी उठून जाई. तो जाऊ नये म्हणून खाण्याची टेबले मांडली गेली. पुढे १९५९ साली त्याच गावातल्या गोल्डन गेट कॅसिनोने पन्नास सेंटला कोळंबीचा पेला विकायला काढला, तोही याच धोरणाने. कोळंबीत जाणारे पैसे पत्त्यांत परत येत होते. थोडक्यात, आपला जन्म हिशेबाच्या वहीत झाला. स्वयंपाकघरात आपण नंतर आलात.

हा हिशेब नागपूरकराला जमत नाही असे नाही. इतवारीतल्या व्यापाऱ्याला तर तो तोंडी जमेल. पण तिकीट हातात पडले की ‘पैसे वसूल’ या एकाच मंत्राचा जप सुरू होतो आणि बाकीचे गणित मागे पडते. ते इथे मांडतो. रूलेटच्या चाकावर एक शून्य असेल, तर लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी २.७० रुपये कॅसिनोकडे राहतात. दोन शून्ये असतील, तर ५.२६ रुपये. यात नशिबाचा संबंध नाही, चाकाची रचनाच तशी आहे. एखाद्याने दर फेरीला ५०० रुपये लावले आणि तासाला ४० फेऱ्या झाल्या असे धरू. उलाढाल झाली २०,००० रुपयांची आणि दोन शून्यांच्या चाकापाशी बसण्याचे तासाचे भाडे पडले सरासरी १,०५२ रुपये. एखाद्या रात्री कोणी जिंकतोही, आणि वर्षभर तेच सांगत फिरतो. पण सरासरीला त्याच्या गोष्टीशी देणेघेणे नसते. आता यातली गंमत पाहा. जो गृहस्थ अर्धा तास आपल्यासमोर ताट घेऊन बसतो, तो तेवढ्या वेळात सरासरी ५२६ रुपये वाचवतो. म्हणजे अख्ख्या जहाजावर गिऱ्हाइकाच्या फायद्याची जागा कुठली असेल, तर ती आपली! दुर्दैवाने हे आपल्या मालकांना गिऱ्हाइकाच्या आधी कळलेले असते. म्हणूनच खेळणाऱ्याला खाणे-पिणे जागेवर आणून देणारी माणसे टेबलांमधून फिरत असतात. निवांत जेवणारा माणूस मालकांना परवडत नाही. आपल्याला अन्न असे द्यावे लागते की ते झटपट संपावे, पोट भरावे, कोणाला अनोळखी वाटू नये आणि त्यात कोणी रमूही नये.

एवढ्या अटी पाळणारे पदार्थ जगात थोडेच आहेत, आणि ते सगळे आपल्या सेवेत आहेत. खाली गरम पाणी, वर झाकण, अशा भांड्यात तीन-चार तास तग धरील त्यालाच आपल्याकडे नोकरी मिळते. पनीर बटर मसाला टिकतो, कारण काजू, टोमॅटो आणि सायीच्या त्या दाट ग्रेव्हीत बिघडण्यासारखे काही नसतेच. दाल मखनी तर ठेवली की मुरते. गुलाबजाम पाकात बुडून निश्चिंत असतो. पण रवा लावून तळलेला बांगडा तव्यावरून थेट ताटात यावा लागतो. झाकणाखालच्या वाफेत त्याचा रवा बघता बघता मऊ पडतो आणि मग तो मासा ना तळलेला राहतो ना शिजवलेला. ‘गोवन फिश करी’ अशी पाटी आपल्याकडे असते, हे मला ठाऊक आहे. परंतु दिल्ली, अहमदाबाद, हैदराबाद आणि नागपूर अशा चार दिशांच्या जिभांना एकदम चालेल असे हुमण, म्हणजे तीच माशांची करी, करायचे, तर सोलांचा आंबटपणा कमी करावा लागतो, तिरफळाचा वास घालवावा लागतो, मिरची आवरावी लागते. उरतो तो नारळाचा कोमट रस. यात आपल्या आचाऱ्यांचा दोष नाही. त्यांच्यात चांगले हात असतील. नागपूरचा गोळाभात आपल्या भांड्यात घातला, तर त्याची तरी काय वेगळी गत होणार? कडकडीत फोडणीचे तेल ताटातच, गोळा कुस्करल्यावर, भातावर पडावे लागते. ते आधीच ओतून झाकून ठेवले, तर त्याला गोळाभात म्हणणारा माणूस विदर्भात सापडायचा नाही.

आणि इथेच मुद्द्याचे बोलतो. कुठल्याही खाणावळीची परीक्षा गावकरी घेतात. नागपूरचे सावजी जेवण हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून भोजनालयांत आले आणि त्याच गल्ल्यांतल्या गिऱ्हाइकांनी त्याला वळणावर ठेवले. रस्सा एका दिवशी पातळ झाला, की दुसऱ्या दिवशी बाकडी रिकामी. कस्तुरचंद पार्कच्या पोह्यांना कोणा समीक्षकाची गरज पडत नाही. समोर उभा राहून खाणाराच तोंडावर सांगतो. आपल्याला मात्र ही परीक्षा माफ आहे. गोव्याच्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगारासाठी जायला बंदी घातली. स्थानिक घरे उद्ध्वस्त होऊ नयेत, हे त्यामागचे कारण, आणि ते रास्तच आहे. (बाहेरगावची घरे उद्ध्वस्त झाली तर चालतील का, हा प्रश्न वेगळा, तो कोणी विचारत नाही.) पण या बंदीचा स्वयंपाकघरावर काय परिणाम होतो, याचा विचार झालेला नाही. नदी गोव्याची, मासा गोव्याचा, पाटीवर नाव गोव्याचे, आणि ‘याला हुमण म्हणत नाहीत’ असे सांगायला टेबलावर गोवेकर एकही नाही! बाकीचे जेवणारे एकदा येतात नि जातात. परत आले तर जेवणासाठी येत नाहीत. त्यातून जेवण फुकट, त्यामुळे त्याला नावे कोण ठेवणार? ज्या अन्नाला स्वतःची किंमत नाही आणि शेजारी गिऱ्हाईक नाही, त्या अन्नाबद्दल कोणालाच जाब विचारता येत नाही. आपण बेचव आहात असे माझे म्हणणे नाही. आपण बेजबाबदार आहात, एवढेच म्हणणे आहे.

यावर आपण म्हणाल, नागपूरकरांना फुकटाचे वावडे कधीपासून? पोह्यांवर ‘थोडी तर्री अजून’ म्हणून वाटी पुढे करणारे हेच ना ते? आक्षेप खरा आहे. पण त्या जादा तर्रीचे काम काय, तर तुम्ही उद्याही त्याच पोह्यांसाठी त्याच ठेल्यावर यावे. फुकटची तर्री पोह्यांची जाहिरात करते. आपण कोणत्या पदार्थाची जाहिरात करता? आपले फुकट खाणारा उठून पुन्हा अंदर-बाहरच्या टेबलाकडे जावा, यासाठीच आपण मांडले जाता.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे : गोव्यात आमच्यासारख्यांनी, त्यातही शाकाहाऱ्यांनी, खायचे काय? बोटीवर निदान पनीर तरी मिळते. बोटीबाहेर शाकाहाऱ्याला काही मिळत नाही, हा गैरसमज आपण मोठ्या प्रेमाने जोपासला आहे. जहाजे ज्या धक्क्यासमोर उभी असतात, तिथून पणजीचा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कॅफे टाटो आणि कॅफे भोसले या जुन्या उपाहारगृहांत पातळ भाजी, पाव नि बन यांवर सकाळ सुखाने जाते. सारस्वत घरांतले खतखते, मुगागाठी, अळसांद्यांचे तोणाक हे सगळे शाकाहारीच आहे; ते ज्याने चाखले नाही, त्याने गोव्यात भाजी मिळत नाही असे म्हणू नये. मांसाहाऱ्यांची तर गोष्टच सोडा. शागुतीत भाजलेले सुके खोबरे असते, खसखस असते, गरम मसाल्याचा ठसका असतो. सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ती परकी वाटणार नाही. संध्याकाळी पणजीतल्या गाड्यांवर रस ऑम्लेट मिळते : ऑम्लेटवर शागुतीचा रस ओतायचा, वर कांदा नि लिंबू, सोबत पाव. पोह्यांवर तर्री ओतणाऱ्या शहराचा हा गोव्यातला सख्खा चुलतभाऊ त्या गाडीवर उभा असताना नागपूरकर फेरीबोटीत बसून दाल मखनी खायला नदीत जातो, याचे वर्णन करायला शब्द अपुरे पडतात.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. कॅसिनोमुळे रोजगार आहे, सरकारला महसूल आहे, आणि सज्ञान माणसाने आपला पैसा कुठे घालवावा हे सांगणारे तुम्ही कोण? रोजगार खरा, महसूलही खरा. इतिहास मात्र गमतीचा आहे. १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला आणि गोव्यात त्याच वर्षी जुगाराला आळा घालणारा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही. २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. गोव्याच्या कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांसाठी आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांसाठी दार उघडले गेले. परवानगी देणाऱ्या राज्यात कॅसिनो नाही आणि मनाई करणाऱ्या राज्यात नदीभर! असो. सज्ञान माणसाच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. त्याने खुशाल खेळावे. पण निवड करायची तर किंमत दिसली पाहिजे. साध्या उपाहारगृहातल्या जेवणावर ५ टक्के वस्तू-सेवा कर लागतो. कॅसिनोच्या प्रवेशावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के लागतो. ज्या तिकिटात आपण ‘फुकट’ बसलेले असता, ते याच ४० टक्क्यांच्या रकान्यातले तिकीट. एवढ्या चढ्या दराचा वरण-भात सीताबर्डीवर कोणी विकायला काढला असता, तर त्याचे दुकान संध्याकाळपर्यंत टिकले नसते.

आपल्या आजोळी काय घडले, तेही पाहून घ्यावे. १९९२ साली शेफ वोल्फगांग पक यांनी लास वेगासच्या सीझर्समध्ये स्पागो हे उपाहारगृह उघडले. तिथे जेवणाला वेगळी आणि चांगलीच घसघशीत किंमत होती. तरीही लोक आले. मागोमाग नामांकित शेफ आले आणि या शतकाच्या आरंभापासून तिथल्या मोठ्या कॅसिनो-हॉटेलांचे जुगाराबाहेरचे उत्पन्न जुगाराच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे. करोनात बंद पडलेले कित्येक स्वस्त बुफे नंतर उघडलेच नाहीत. ते शहर महाग झाले, अशी ओरड तिथेही आहे आणि ती खोटी नाही. पण तिथे जेवणाला जबाबदार धरता येईल असा माणूस तरी उभा राहिला.

तेव्हा आपल्या मालकांपर्यंत एवढेच पोचवावे : तिकिटावर खेळाची किंमत आणि जेवणाची किंमत वेगळी छापा, आणि ज्याला जेवायचे नाही त्याला बिनजेवणाचे स्वस्त तिकीट द्या. आपण खरोखर चांगले असाल, तर लोक आपली किंमत वेगळी मोजून येतील. भिण्याचे कारण नाही. तोवर माझ्या नागपूरकर बंधू-भगिनींना विनंती आहे की, बोटीवर जायचेच असेल तर संध्याकाळी पणजीच्या गाडीवर रस ऑम्लेट खाऊन, पैसे मोजून आणि रस थोडा जास्त मागून मग जावे.

आपला,
एक नागपूरकर