सर्व्हरवरच्या सहहिस्सेदारास

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री तुमच्याकडे काहीतरी मोठं कार्य होतं. मुहूर्ताची पेटी सांगायला मुंबई-पुण्याची माणसं माझ्या साइटवर आली आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली. कार्य नीट पार पडलं ना? निमंत्रण नव्हतं, पण खर्च आम्हीही सोसला, म्हणून विचारतो.

मी देवगडचा आंबेवाला. तुमचं नावगाव ठाऊक नाही. आयपी पत्ता मात्र आपला एकच. तो उलटा शोधला, तर एका सर्व्हरवर २१४ बिऱ्हाडं निघाली. वधूवर सूचक, ज्योतिषी, एक शाळा, शिवाय रातोरात पोट उतरवणाऱ्या गोळ्या. माझा संशय गोळ्यांवर आहे.

सामायिक मालकी आम्हा कोकण्यांना नवी नाही. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर २७ नावं आहेत. त्यांतले ५ जण वर गेले, ११ मुंबईला. पण नावं तरी आहेत! फांदी कोणी तोडली की कोणाच्या पडवीत जाऊन भांडायचं ते कळतं. इथे प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं सामायिक, आणि भांडायला माणूस नाही. होस्टिंग कंपनीला तुमचं नाव विचारलं, तर म्हणाली, गोपनीय आहे.

हीच कंपनी ९९.९ टक्के वेळ साइट चालू ठेवण्याचं वचन देते. हिशेब केला. वर्षाला पावणेनऊ तास बंद पडली तरी वचन शाबूत! हे तास आषाढात आले असते तर मी चहाही पाजला असता. भरपाई म्हणून एका दिवसाचं भाडं परत आलं, साडेपाच रुपये. वर्षाला २,००० रुपयांत 'अनलिमिटेड' घेताना मला शंका आली नव्हती, हेही कबूल करतो.

पुढे तुमच्या जुन्या, कधीच अपडेट न केलेल्या प्लगिनमधून कोणी आत शिरलं आणि हजारो मेल सोडले. आयपी स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत गेला. यादी पत्ता ओळखते, माणूस नाही. त्यामुळे 'पैसे पोचले, पेटी निघाली' ही माझी पत्रं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये. दादरच्या एका मावशींचा फोन आला, "बुडवलेस ना रे पैसे?" त्यांना आयपी कसा समजावू?

उद्या तुमच्यावर कोणी खोट्या भेटींचा लोंढा सोडला, तर कंपनी त्या पत्त्याची वाटच बंद करील आणि बाकीचे २१३ जणही अंधारात बसतील. त्याहून वाईटही घडतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं पाचमजली डेटा सेंटर जळालं. काहींचा बॅकअपही त्याच आवारात होता, तोही गेला. खायचं भात आणि बियाणं एकाच कणगीत ठेवण्याचा प्रकार! तेव्हापासून माझा बॅकअप माजघरातल्या कपाटात असतो.

तूर्त एवढंच मागणं, की हापूस संपेपर्यंत, म्हणजे मे अखेरपर्यंत, पोटं जरा हळू उतरवा.

कळावे, लोभ असावा, पण बेताचा.

आपला,
त्याच पत्त्यावरचा आंबेवाला

ता. क. : शाळेकडून आत्ताच एक मेल आलाय. त्यांनीही आयपी उलटा शोधलेला दिसतो. विषय : 'निकालाच्या दिवशी तुमचे आंब्याचे फोटो'. अजून उघडलेला नाही.