गालबोट : स्वरूप आणि उपयोग

दृष्ट म्हणजे कौतुकातून होणारी इजा. शिवीने ती लागत नाही, "काय गुटगुटीत आहे हो पोरगं!" एवढ्याने लागते. म्हणून सगळ्या उपायांचे सूत्र एकच : चांगल्या वस्तूला आपणच आधी थोडा डाग लावायचा. पाहणाऱ्याची नजर डागावर अडकते आणि वस्तू सुटते.

बाळाच्या गालावरची काजळाची तीट हे याचे मूळ रूप. मनगटातला दृष्टमणी, काळ्यावर पांढरे ठिपके, हा डोळ्याला डोळा. तुर्कस्तानात हाच मणी निळा असतो आणि 2018 पासून तो इमोजी म्हणून मोबाइलमध्येही आहे. गालावरची तीट अजून तिथवर पोहोचलेली नाही. गालबोटाचे मराठी वर्तमानपत्रांनी मात्र हाल केले. ज्या डागाने संकट टळावे, त्यालाच संकट ठरवले. मिरवणुकीला गालबोट, असा मथळा आला की दगडफेक झाली असे समजायचे. फरक क्रियापदाचा आहे : बाळाला गालबोट लावतात, मिरवणुकीला ते लागते.

वैजापूरच्या बाजारात शनिवारी दुकानांच्या चौकटींवर नवी लिंबू-मिरची चढते. तळाशी बिब्बा किंवा कोळसा, मध्ये लिंबू, वर सात हिरव्या मिरच्या. मागच्या शनिवारचे लिंबू एव्हाना सुपारीएवढे आणि तपकिरी झालेले असते. ते रस्त्यावर येते. अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकणारा गृहस्थही त्यावरून जाताना पाय जरा उचलूनच टाकतो. चप्पल खराब होईल म्हणून.

या जुडीमागची कल्पना अशी की अलक्ष्मीला आंबट-तिखट प्रिय. ती उंबऱ्याबाहेरच पोट भरते आणि परत जाते. म्हणजे हा ताईत कमी आणि नाश्ता जास्त. त्यातही एक अडचण आहे. मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. त्याआधी अलक्ष्मी नुसत्या आंबटावर भागवत असली पाहिजे. दोऱ्यातून लिंबाचा रस हवेत पसरतो आणि किडे दूर राहतात, असे शास्त्रीय कारणही मोबाइलवर फिरते. किड्यांच्या वाचनात ते आलेले नसावे. 2022 च्या एप्रिलमध्ये एक लिंबू दहा रुपयांच्या घरात गेले, तेव्हा तर दारावरच्या लिंबालाच दृष्ट लागेल अशी स्थिती होती.

वाहनाचा विधी वेगळा. नवा ट्रॅक्टर आला की चाकांखाली लिंबे ठेवून तो एकदा पुढे घेतात, मागे ट्रॉलीला जुनी चप्पल टांगतात. 8 ऑक्टोबर 2019 रोजी, दसऱ्याला, फ्रान्समध्ये पहिले राफेल विमान ताब्यात घेताना त्याच्याही चाकांखाली लिंबे होती. चप्पल नव्हती. यात एक गोम आहे : चप्पल टांगणे म्हणजे इथे हेवा करण्याजोगे काही आहे, अशी जाहिरातच. कांद्याचा भाव पडतो तेव्हा कांदाचाळीला नजर लागेल अशी काळजी कोणी करत नाही.

एवढे करूनही लागलीच, तर काढावी लागते. मूठभर मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. मुलावरून ओवाळून विस्तवात. मीठ तडतडते. मिरचीचा ठसका आला तर विशेष काही नव्हते. ठसका आला नाही तर आजी डोळे विस्फारते : "बाई बाई, केवढी नजर होती!" मिरच्या दोन वर्षांच्या जुन्या होत्या का, खिडकी उघडी होती का, हे विचारण्याची पद्धत नाही. ज्याच्यावरून ओवाळले तो मात्र लगेच जेवायला मागतो, कारण इतका वेळ त्याला कोणी काही दिले नव्हते.

शेवटचा प्रकार नावाचा. मुले जगत नसत तेव्हा पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू ठेवत. असल्या नावाकडे कोण वळून पाहणार? बिनखर्चाची तीट ती. आता बारशाला दगडू ऐकू येत नाही. वैजापूरने मात्र हा उपाय गावापुरता जपला आहे : गावाला रेल्वे आहे, पण स्थानकाच्या पाटीवर नाव आहे रोटेगाव.