वर्तणुकीचा दाखला

पुण्यात कुत्रं मिळवण्याचे दोनच मार्ग आहेत. एकाला पैसे लागतात आणि दुसऱ्याला चारित्र्य. माझ्याकडे दोन्ही बेताचंच असल्यामुळे आमच्या घरी कुत्रं यायला जो उशीर झाला, त्याबद्दल मी कुणालाही बोल लावत नाही.

आमच्या लहानपणी गावाकडे कुत्र्याला किंमत नसे. म्हशीला असे, बैलाला असे, खुडूक कोंबडीलाही असे. कुत्रं आपोआप यायचं. पाऊस आहे म्हणून ओसरीला टेकायचं आणि पाऊस उघडल्यावर त्याचं जायचं राहून जायचं. आमचा मोत्या असाच आला. त्यानं आम्हाला काही विचारलं नाही, आम्ही त्याला काही विचारलं नाही. ताकात कुस्करलेल्या शिळ्या भाकरीवर सगळा व्यवहार चालू होता. त्यामुळे मी बँकेतून निवृत्त झाल्यावर 'बाबांना काहीतरी जबाबदारी हवी' असं मायलेकींचं ठरलं आणि कुत्र्याचा विषय निघाला, तेव्हा मी उदारपणे म्हणालो, "दोन-तीन हजार गेले तरी जाऊ देत. पण चांगलं घ्या."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तेवढ्यात पट्टा येतो."

तरी एका रविवारी आम्ही वाघोलीच्या पुढे एका केनेलवर गेलो. पत्र्याची शेड, फिनेलचा वास, आणि मालकाच्या गळ्यात जाडजूड साखळी. कुत्र्यांच्या गळ्यात एवढी जाड नव्हती. "लॅब ना? विदाउट पेपर पंचवीस, विथ पेपर पंचेचाळीस," तो म्हणाला. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा कागद. श्राद्धाला गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं की मला घाम फुटतो. या पिल्लाचे पणजोबा छापील होते आणि त्यातले दोन चॅम्पियन होते.

"शो क्वालिटी बघायची की पेट क्वालिटी?"

"फरक काय?"

"पेट क्वालिटी म्हणजे काका, दिसायला जरा डावं. घरात ठेवायला ठीक."

"पेट क्वालिटी चालेल," बायको म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

एवढा भाव कशाचा, असं विचारल्यावर मालकानं बोटांवर मोजून कारणं सांगितली. 2016 साली सरकारनं व्यापारी पैदाशीसाठी बाहेरची कुत्री आणायला बंदी घातली, तेव्हापासून 'इम्पोर्ट लाइन' महाग. लॉकडाऊनमध्ये माणसं घरात कोंडली आणि जो तो पिल्लू मागायला लागला, तेव्हा चढलेला भाव काही उतरला नाही. शिवाय फॅशन. 2003 साली हचच्या जाहिरातीत एका पोरामागून पग चालत गेला, आणि पाठोपाठ गल्लोगल्ली पग धापा टाकताना दिसायला लागले. पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स' बघून लोकांना हस्की हवासा झाला. शेडच्या कोपऱ्यात कूलरसमोर तो हस्की बसलाच होता. त्याला उन्हाळाभर एसी लागतो म्हणे. आमच्याकडे एसी मे महिन्यात जावई माणूस आलं तरच लागतो.

"याचा बाप सर्बियाचा आहे," मालकानं हातातलं पिल्लू पालथं करून दाखवलं.

"आणि आई?"

"आई इथलीच," तो अंगठा मागे करून म्हणाला. "ती नका बघू. बाळंतीण आहे, चावते."

मी आयुष्यभर कर्जविभागात काढलं असल्यानं बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. 2017 साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मी विचारलं, "पिल्लू केवढं आहे?"

"पंचेचाळीस दिवस. एकदम फ्रेश."

"आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस होतात. आणि नोंदणी क्रमांक?"

"काका," तो शांतपणे म्हणाला, "पिल्लू पाहिजे का केस करायचीय?"

आम्ही कुठे राहतो, घरात कोण असतं, कधी कुत्रं पाळलंय का, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. त्याचा एकच प्रश्न होता, "जीपे का कॅश? कॅश असेल तर दोन कमी करतो." मी स्कूटरच्या कर्जाला दोन जामीनदार मागितलेला माणूस. बारा-चौदा वर्षं जगणारा जीव एका क्यूआर कोडवर हवाली होतो हे पाहून मला गरगरलं. रक्कम ऐकून आधीच गरगरत होतं, ते वेगळं.

परतताना मुलगी म्हणाली, "त्यापेक्षा अडॉप्ट करू. त्याला पैसे पडत नाहीत." शेवटच्या वाक्यानं माझ्यातला प्राणिमित्र जागा झाला.

सल्ले तर फुकटच मिळतात. लातूरच्या मेहुण्यानं फोनवर कारवानी कुत्र्याची शिफारस केली: काटक, आपल्या मातीतलं, सशामागे सुटलं की हाती लागत नाही. माझ्या गुडघ्याकडे पाहता, सुटलेलं कुत्रं हाती न लागणं हा गुण नव्हता. दुसरा म्हणाला, रस्त्यावर एवढी पडलीत, उचल एक. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही म्हटलं होतं, की ज्यांना प्रेम आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, फक्त ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. म्हणून मी आमच्या गल्लीतल्या काळ्याला ग्लुकोज बिस्किटांच्या वाटेनं घरापर्यंत आणलं. काळ्यानं बिस्किटं संपवली, हॉल पाहिला, स्वयंपाकघराच्या दारातून बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुठलीही कटुता न ठेवता जिना उतरून गेला. तो पुन्हा रस्त्यावर आला त्यात माझा काही हात नव्हता.

मग मुलीनं फोटो दाखवला: मिनी, चार महिने, देशी, लसीकरण पूर्ण, 'प्रेमळ घराच्या शोधात'. घर आमच्याकडे होतं, प्रेमळपणा जमवता आला असता. मी अर्ज मागवला. तो चार पानी निघाला.

घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असल्यास मालकाचं पत्र. घरातल्या सर्वांची संमती आहे का? दिवसा घरी कोण असतं? नसबंदीला हरकत? अंडी-मांस शिजवाल का? पुढच्या पंधरा वर्षांत नोकरी, लग्न, परदेश, आजारपण यातलं काही झाल्यास कुत्र्याची सोय काय? गृहकर्ज घेतानासुद्धा मी पुढच्या पंधरा वर्षांचा एवढा विचार केला नव्हता. 'यापूर्वी पाळलेल्या प्राण्याचं काय झालं? डॉक्टरांचं नाव व फोन द्या.' मोत्याचे डॉक्टर! मोत्याच्या काळात गावात माणसांना डॉक्टर नव्हता. मी 'वृद्धापकाळ' असं लिहिलं. लगेच फोन आला. "मोत्याच्या लसी पूर्ण होत्या का?" मी म्हणालो, "ताई, तेव्हा माझ्याच पूर्ण होत्या की नाही सांगता येत नाही."

उत्तर दोन दिवसांनी आलं: 'आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही याबद्दल खेद वाटतो.' हे वाक्य मी नोकरीत इतक्या लोकांना पाठवलं होतं, की मला ते चाळीस पावलांवरून ओळखू येतं. ते इकडच्या बाजूनं असं दिसतं हे ठाऊक नव्हतं.

दुसरीकडे दोन भावंडं एकत्रच द्यायची होती. तिसरीकडे आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे म्हणून नकार आला. तिथली कुत्री तीन पायांची होती, त्यामुळे मला वादही घालता येईना. शेवटी एका गटानं 'घर बघायला येतो' म्हटलं. घरी कुणी येणार म्हटल्यावर बायको पोहे करते. दोन मुली आल्या, विशीतल्या, पाठीवर सॅक. पोह्यांकडे न बघता एक सरळ गॅलरीत गेली आणि तिनं मूठ वळून कठड्याच्या गजांमधून बाहेर काढली. मूठ आरपार गेली.

"काका, पिल्लाचं डोकं एवढंच असतं," ती म्हणाली. "जाळी लावावी लागेल."

मग तिनं मनी प्लांट वर टांगायला लावला, कारण तो कुत्र्यानं खाल्ला तर तोंड भाजून निघतं. डायनिंग टेबलावरचे मनुके कपाटात गेले, कारण मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दुसरी पोह्यांच्या ताटलीशी थबकली होती. "काकू, यात कांदा आहे?"

"भरपूर आहे," बायको अभिमानानं म्हणाली.

"कुत्र्यांना कांदा विषारी असतो."

"पण पोहे तुमच्यासाठी केलेत गं!"

इथपर्यंत मी तग धरून होतो. मग कठडा तपासणारीनं सहज विचारलं, "काका, खाली लिफ्टपाशी पाटी आहे, 'पाळीव प्राणी व त्यांचे मालक यांना लिफ्टचा वापर करण्यास सक्त मनाई. आदेशावरून, सेक्रेटरी.' हे सेक्रेटरी कोण आहेत?"

बायको चहा टाकायला आत गेली. मुलगीही तिला मदत करायला गेली. एरवी ती कधी जात नाही.

"मीच," मी म्हणालो. "पण तो सर्वसाधारण सभेचा ठराव होता."

तिनं फोनवर एक परिपत्रक उघडून माझ्यापुढे धरलं. भारतीय पशु कल्याण मंडळ, फेब्रुवारी 2015. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. बहुमतानं नाही, उपविधी बदलूनही नाही. लिफ्टही नाकारता येत नाही. आयुष्यभर मी लोकांना परिपत्रकं दाखवून गप्प केलं. परिपत्रक दाखवल्यावर माणूस कसा दिसतो हे त्या पोरीनं त्या दिवशी पाहिलं असणार. संध्याकाळी पाटी उतरली. अर्जाला सोसायटीचं ना हरकत पत्रही हवं होतं. अर्जदार मी, शिफारस माझी, मंजुरीची सहीही माझीच. बँकेत असं केलं असतं तर निलंबित झालो असतो.

एवढ्या चौकश्या कशाला, हे मी तिला चहा पिताना विचारून घेतलं. ती म्हणाली, परत येतात म्हणून. वाढदिवसाला आणलेलं पिल्लू वर्षात तीस किलोचं होतं आणि मग घरातल्या कुणाला तरी केसांची ॲलर्जी निघते. बदली होते, बाळ येणार असतं, मुलगी शिकायला जाते. कुत्रं मात्र दाराशी बसून राहतं. "तुमची मुलगी पण पुढच्या वर्षी जर्मनीला जाणार ना?" तिनं विचारलं. ते अर्जात नव्हतं. पोह्यांबरोबर बायकोनंच सांगितलं होतं.

निकाल असा लागला: पिल्लू मिळणार नाही. "काका, तुमच्या वयाला पिल्लू झेपायचं नाही. तुम्हाला शांत, मोठं कुत्रं देऊ." आणि राणी आली.

राणी लॅब्रॅडॉर, साधारण सहा वर्षांची. कोपरांवर सिमेंटच्या लादीवर झोपून पडलेले करडे, बिनकेसांचे घट्टे. पोट सैल, आचळं लोंबलेली. ती अशाच एका शेडमध्ये पिल्लं द्यायच्या कामाला होती. पिल्लं कमी व्हायला लागली तसं तिला हायवेला सोडून दिलं. नियमाप्रमाणे कुत्री अठरा महिन्यांची होण्याआधी वीण घ्यायची नसते. पण नियम वाचणारं गिऱ्हाईक आलं की मालक काय म्हणतो ते मी ऐकलेलं आहे. मी सवयीनं हिशेब मांडला. एका वेळी सात पिल्लं आणि प्रत्येकी पंचवीस हजार धरले, तर हिच्या जिवावर कुणाचा तरी मजला चढला असणार. आणि स्वतः राणीची किंमत शून्य. बाजारात भाव पिल्लाला आहे, कुत्र्याला नाही. वर्षभरात प्रत्येक पिल्लाचं कुत्रं होतं, एवढी एकच गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

फुकट मिळालेल्या राणीला पहिल्या महिन्यात गोचिडांचा ताप आला. केनेलवाल्याला न दिलेले पंचवीस हजार आता मी डॉक्टरांकडे हप्त्यानं भरतो आहे. जिना तिला माहीत नव्हता, लिफ्टला घाबरायची. त्यामुळे जिच्यासाठी पाटी उतरवली ती कुत्री आणि तिच्याबरोबर मी, आम्ही दोघं चार मजले चढतो-उतरतो. श्रावणात आमच्या घरात अंडं फक्त तिच्यासाठी उकडलं जातं. सोलायचं काम माझ्याकडे आहे आणि बायको समोर उभी असते.

दत्तकपत्रातल्या अटीप्रमाणे दर महिन्याला राणीचा व्हिडिओ पाठवावा लागतो. गेल्या खेपेला कठडा तपासणाऱ्या त्या मुलीचं उत्तर आलं: 'राणीचं वजन मस्त आटोक्यात आलंय! काकांचं मात्र वाढलेलं दिसतंय. अंडी सगळी तिलाच मिळतायत ना?' बायकोनं त्यावर तत्काळ अंगठा टाकला. मी तपासणी अहवालाच्या पूर्ततेसाठी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आहे.