लोहगावची खिरापत

पुण्याहून नागपुरास जावयाचे ते महाराष्ट्र एक्सप्रेसनेच, हा आमच्या घराण्याचा दोन पिढ्यांचा शिरस्ता. रात्रीची जेवणे आटोपून वळकट्या, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि लहानमोठी धरून नऊ माणसे एवढा लवाजमा स्टेशनात दाखल व्हावा, दौंडास इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला जोडताना जो हिसका बसे त्याने एकजात सर्वांनी जागे होऊन ‘मनमाड आले काय?’ अशी पृच्छा करावी, भुसावळास केळ्यांचा फणा घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगात गाडीचा हेलकावा तसाच मुरलेला असताना, नागपूरच्या फलाटावर उतरावे, यालाच प्रवास म्हणतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तीवर आघात केला तो नागपुरास दिलेल्या आमच्या कन्येने. २०२४ च्या श्रावणात तिचे डोहाळजेवण ठरले आणि तिने फोनवरून हुकूम सोडला, “बाबा, या वेळी विमानानंच या. आईचे गुडघे गाडीत अवघडतात. आणि दीड तासाचा तर प्रश्न!”

विमान सुटावयाचे होते सकाळी १०.४० ला. त्याआधी दोन तास हजर राहावे अशी कंपनीची ताकीद. नगर रस्त्यावरील वाहतुकीसाठी एक तास. नव्या इमारतीत वाट चुकण्याची तजवीज म्हणून अर्धा तास. आणि निघताना गॅस बंद केला की नाही हे जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन पाहण्याचा सौ.चा जो परिपाठ आहे त्यापोटी आणखी अर्धा. असा हिशेब उलट्या दिशेने मांडीत गेलो तेव्हा सदाशिव पेठेतून ६.४० ला रिक्षात बसणे प्राप्त ठरले. कन्येच्या दीड तासातील पहिले चार तास असे घरच्या उंबऱ्यापाशीच खर्ची पडले.

येरवडा ओलांडल्यावर रिक्षावाल्याने मान न वळवता विचारले, “काका, जुनं का नवं?”

प्रश्न वाजवी होता. लोहगावच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने झाले, प्रवासी त्यात प्रत्यक्ष शिरले ते १४ जुलैला, आणि त्या दिवसांत काही कंपन्यांची विमाने नव्या इमारतीतून तर काहींची शेजारच्या जुन्या इमारतीतून सुटत असत. आमचे कोठून, हे तिकिटावर पाहावे म्हटले तर चष्मा सौ.च्या पिशवीत होता, पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि पिशवीत ओटीचे सामान असल्यामुळे ती वाटेत उघडली जाणार नाही, असा दंडक घरूनच घालून दिलेला होता.

“नवं,” सौ. म्हणाली. “नवं असताना जुन्यात कशाला जायचं?”

पुराव्याच्या कायद्यात न बसणारे हे विधान पुढे सत्य ठरले, याची नोंद मी नाइलाजाने करतो.

इमारत मात्र देखणी आहे. दर्शनी भागास मराठा धाटणीच्या कमानी, आत जवळजवळ ५२ हजार चौरस मीटरांचा पसारा, आणि खर्च पावणेपाचशे कोटींच्या घरात. चौरस मीटर ही मोजणी माझ्या पिढीच्या डोक्यात शिरत नाही म्हणून मी मनातल्या मनात गुंठे केले, गुंठ्यांचे एकर केले, तेव्हा सगळे मजले मिळून तेरा एकरांच्या आसपास जागा निघाली. आणि एवढ्या जमिनीत उसाऐवजी फरशी लावलेली पाहून, शेतकऱ्याचा नातू असल्यामुळे, क्षणभर जीव हळहळला. फरशी इतकी लख्ख होती, की सौ.ने चपला काढाव्या की काय अशा विचाराने एक पाय उचललेला मी स्वतः पाहिला.

परंतु मला त्या वास्तूत सर्वाधिक आवडले ते हे, की तेथे कोणीच जुने नव्हते. एरवी कोणत्याही सरकारी इमारतीत दोन जाती असतात: ज्यांना खिडकी क्रमांक चार कोठे आहे हे ठाऊक असते ते, आणि ज्यांना नसते ते, आणि पहिल्या जातीने दुसरीकडे ज्या नजरेने पाहावे त्या नजरेने पाहण्याचा अधिकार तिला सेवाज्येष्ठतेने मिळालेला असतो. येथे ती जातिव्यवस्थाच अद्याप बसलेली नव्हती. पाणी कोठे मिळेल, असे एका गणवेशधारी तरुणास विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “आजोबा, मी परवाच इथं आलोय, चला, दोघं मिळून शोधू.” वास्तुशांतीच्या दिवशी यजमान आणि पाहुणे असे सगळेच ‘पाण्याचा माठ कुठे ठेवलाय हो?’ असे एकमेकांस विचारीत नव्या घरातून हिंडत असतात, यजमानीणबाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा सापडत नसतो, आणि त्यामुळेच त्या दिवशी जसे सगळे एकमेकांशी अंमळ अधिक गोडीने बोलतात, तसे येथे चालले होते. टाय लावलेला एक मोठा साहेब माझ्या आधी प्रसाधनगृहाऐवजी भलत्याच दरवाजाशी झटून परतला. त्याने माझ्याकडे पाहून जे स्मित केले ते दोन वर्षांनंतर त्याच जागी तो खचित करणार नाही.

दारावर माणसाऐवजी चेहरा ओळखणारे यंत्र बसविले आहे. या योजनेस ‘डिजी यात्रा’ म्हणतात. जावयांनी माझे आधारपत्र त्या यंत्राच्या दप्तरी आधीच दाखल करून ठेवले होते. आता त्या आधारपत्रावरील छायाचित्राविषयी माझे मत असे, की त्यात मी नुकताच जामिनावर सुटलेल्या इसमासारखा दिसतो. तो मी नव्हेच, अशी माझी गेली कित्येक वर्षे ठाम भूमिका आहे. यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा ते अडखळेल, शंका घेईल, एखाद्या अधिकाऱ्यास पाचारण करील, अशी माझी रास्त अपेक्षा होती. त्याने पापणी लवण्याच्या आत मला ओळखले आणि दार उघडले. असा अपमान माणसाने केला असता तर मी लेखी खुलासा मागितला असता.

खरे प्रकरण घडले ते त्यापुढे, झडतीच्या पट्ट्यावर.

सौ.ची पिशवी यंत्राच्या बोगद्यात शिरली, मध्येच थांबली, मागे आली, पुन्हा शिरली, आणि अखेर बाजूच्या पट्ट्यावर ढकलली गेली. पडद्यासमोरील जवानास त्या पिशवीत पाच अर्धगोल दिसत होते. त्याने अत्यंत अदबीने पिशवी उघडावयास सांगितली. खण निघाला. हळकुंडे निघाली. सुपाऱ्या, खारका, बदाम, तांदळाची पुरचुंडी, खडीसाखरेची डबी असा एकेक ऐवज बाहेर येऊन पंचनाम्याप्रमाणे ओळीने मांडला गेला, आणि सर्वांच्या शेवटी सुक्या खोबऱ्याच्या पाच वाट्या.

“माताजी, ये नारियल नहीं जाएगा।”

“ये नारळ नहीं,” सौ. त्याची चूक सुधारीत म्हणाली, “ये खोबरा है. ओटी का है. मेरे मुलगी का डोहाळजेवण है.”

जवानाने ‘डोहाळजेवण’ हा शब्द एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिला. तो बहुधा त्याच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत नसावा; खोबरे मात्र होते. येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे, की चूक आमचीच होती. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे ते बंद जागी साठून राहिले तर आपल्याच उष्णतेने तापत जाऊन पेट घेण्याचा संभव असतो, म्हणून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना स्वयंज्वलनशील पदार्थांत केलेली आहे. ज्या वाटीवर आजवर केवळ किसणीचेच भय होते ती आगीच्या वर्गात मोडते, हे ज्ञान मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी झाले.

“बाहर किसी को दे दीजिए, या यहाँ छोड़ दीजिए,” असे म्हणून त्याने एका पिंपाकडे बोट दाखविले. पिंपात आगपेट्या, लायटर आणि कोणाची तरी लोणच्याची बरणी होती.

ओटीचे खोबरे पिंपात! सौ.चा चेहरा पाहून मी दोन पावले मागे सरलो. त्या नव्या फरशीवर ती आता ठाण मांडून बसते की काय, अशी मला धास्ती वाटली. पण तिने फक्त विचारले, “खाल्लं तर चालेल?”

जवान विचारात पडला. सामानातून खोबरे नेऊ नये असा नियम आहे. पोटातून नेऊ नये असा नाही. त्याने वरिष्ठांकडे पाहिले. वरिष्ठांनी छताकडे पाहिले. सौ.ने तो होकार धरला.

मग पट्ट्यापासून हटून, ट्रेच्या चळतीशेजारी उभे राहून, तिने पहिली वाटी गुडघ्यावर दाबून फोडण्याचा यत्न केला. जो गुडघा रेल्वेत अवघडतो म्हणून आम्ही विमानाने निघालो होतो तोच हा गुडघा. वाटी फुटली नाही. तेव्हा पाठीवर संगणकाची पिशवी घेतलेला, कानात बोंडे खुपसलेला एक तरुण पुढे झाला आणि म्हणाला, “काकू, द्या इकडे.” त्याने दोन्ही तळव्यांत धरून कडाकड पाचही वाट्यांचे तुकडे केले. खडीसाखरेची डबी उघडली गेली, आणि ओटीच्या सामानाची पाहता पाहता खिरापत झाली. सौ.ने ती वाटली. रांगेतल्या नऊवारी नेसलेल्या एका आजीबाईंनी उजव्या हाताखाली डावा हात आडवा धरून घेतली, मघाच्या टायवाल्या साहेबांनी घेतली, एका छोट्या मुलीने दोनदा घेतली. जवानापुढे हात केला तेव्हा तो म्हणाला, “ड्यूटी पर हूँ, माताजी,” आणि मग इकडेतिकडे पाहून खडीसाखरेचा एक खडा तेवढा उचलला.

“कशाची खिरापत हो?” आजीबाईंनी विचारले.

“वास्तुशांतीची,” सौ. म्हणाली.

पुढला एक तास दहा मिनिटे आम्ही निर्गमन कक्षात बसून काढली, आणि विमान ४० मिनिटे उशिरा सुटणार असल्याचे जाहीर झाल्यावर त्यात तेवढ्याच मिनिटांची भर पडली. ‘निर्गमन’ हा शब्द मला मृत्यूच्या दाखल्यावर शोभेलसा वाटतो. त्यापेक्षा ‘प्रस्थान’ का नसावे? देहू-आळंदीहून पालखीचे प्रस्थान होते तेव्हा त्या शब्दाला एक चाल असते, टाळांचा नाद असतो. आणि येथे तर तो विशेषच शोभला असता. कारण लोहगाव हे तुकाराम महाराजांचे आजोळ. ज्या सत्पुरुषास फाल्गुन वद्य द्वितीयेला नेण्यासाठी वैकुंठीचे विमान प्रत्यक्ष खाली उतरले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, त्याच्या आजोळच्या माळावर इंग्रजांनी १९३९ मध्ये धावपट्टी आखली, तेव्हा त्यांना या योगाची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. देहूचे ते विमान वेळेवर आले होते, आणि प्रवाशापाशी सामान नव्हते.

उड्डाणाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे असल्यामुळे छायाचित्रे घेऊ नयेत अशी सूचना झाली. ती ऐकेपर्यंत मला छायाचित्र घेण्याची इच्छाही झाली नव्हती. मग धावपट्टी मागे पळाली, ढग आले, आणि सुमारे ६०० किलोमीटरांचा महाराष्ट्र ढगांच्या गोधडीखालून निघून गेला. गोदावरी केव्हा ओलांडली ते कळलेदेखील नाही. आगगाडी पुलावर धडधडू लागली की खिडकीतून पैसा टाकून नमस्कार करावयाचा, ही आमच्याकडील रीत. येथे खिडकी उघडत नाही. सौ.ने अदमासाने हात जोडले.

उतरताना मला आमच्या काकांची आठवण झाली. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, आपापसांत टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत, आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. काका सायकलवरून तो सोहळा पाहावयास जात आणि घरी येऊन सांगत, की साऱ्या हिंदुस्थानची पत्रे आज आपल्या गावात चहा पिऊन गेली. त्या काळी विमानाने जाणाऱ्या माणसाला पाहावयास माणसे येत. आता आम्ही उतरलो तेव्हा आम्हांस पाहावयास एकटे जावई होते, तेही घड्याळाकडे पाहत उभे.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ६.४० ते २ या सात तास वीस मिनिटांपैकी आकाशात गेलेला वेळ एक तास वीस मिनिटे. उरलेले सहा तास मी जमिनीवरच खर्चिले. आणि खरे सांगावयाचे तर, झडतीपाशी गेलेली ती वीस मिनिटे वजा केली तर बाकीच्यांतले मला काही आठवत नाही.

संध्याकाळी ओटी भरताना विहीणबाईंच्या लक्षात आले, की खण आहे, हळकुंडे आहेत, खारका आहेत, आणि खोबऱ्याच्या वाट्या तेवढ्या नाहीत. सौ.ने सारी हकीकत सांगितली. विहीणबाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मग म्हणाल्या, “अवो, पण पुण्याहून खोबरं आणाचं काऊन? आमच्या इतवारीत पोत्यानं भेटते ना जी!”

तेव्हा नागपुरास विमानाने ओटी घेऊन निघालेल्या वाचकांस एवढेच कळवितो, की खण, हळकुंडे, सुपारी आणि खडीसाखर खुशाल बरोबर न्यावी. खोबरे इतवारीत घ्यावे.